बांधलेलं बिऱ्हाड

मल्हारी कंपनीतून रिटायर झाला तेव्हा त्यानं पुढं काय करावं हे त्याच्याखेरीज सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कुणी म्हणालं, खाली किराणा टाका. कुणी म्हणालं, देवळाच्या कमिटीवर या. वॉचमननं तर स्वतःचीच नोकरी देऊ केली, कारण त्याला गावाकडं जायचं होतं. मल्हारीनं सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि एक जुनी मिनीबस घेऊन आला.

बस अनोळखी नव्हती. वाळूजच्या कंपन्यांची शिफ्टची माणसं वाहून वाहून ती म्हातारी झाली होती, आणि मल्हारी स्वतः तिच्या खिडकीला डोकं टेकून जन्मभर झोपत कामाला गेला होता. ठेकेदार ती भंगारात काढतोय हे कळलं तेव्हा तो थेट त्याच्या दारात गेला. दोघं एकाच वर्षी कामावरून सुटलो, तर राहू एकत्रच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. लोक उतारवयात कुत्रं पाळतात, आमचे बाबा बस पाळतायत, असं रामेश्वर म्हणाला. रामेश्वर म्हणजे मुलगा. तोही वाळूजलाच कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी बापावर वैतागणं हा त्याचा ठरलेला उद्योग.

"गाडीत राहणार म्हणजे काय, बाबा? कायमचं?"

"कायमचंच. आपल्यात मानूस बिऱ्हाड पाठीवर घिऊनच जन्मतो."

हे अगदीच खोटं नव्हतं. मल्हारीचं घराणं मेंढरामागं चालणाऱ्या धनगरांचं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं असं सगळं घेऊन निघायचं, वावरावावरांतून तळ टाकत हिंडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला गावी परतायचं. मिसरूड फुटेपर्यंत मल्हारीनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. बानाबाईशी लग्न झालं तेव्हाही ते दोघं असेच चालत होते. पुढं मेंढ्यांत रोग शिरला, कळप बसला, आणि नवराबायको वाळूजला आले. त्यानंतर मल्हारी प्रेसमशीनपुढं उभा राहिला तो उभाच. पण मनातून तो कधी थांबला नव्हता, निदान स्वतःबद्दल त्याचं असं मत होतं. कंटाळा आला की तो बानाबाईला म्हणायचा, "रिटायर होऊ दे, मग निघू परत." ती भाकरी थापता थापता म्हणायची, "निघू की."

अलीकडं तर मोबाईलनं त्याला आणखी चढवलं होतं. परदेशातली जोडपी घरदार विकून गाडीत राहतात, समुद्रकाठी दार उघडून कॉफी पितात, असले व्हिडिओ तो सूनबाईला, द्वारकाला, बोलावून बोलावून दाखवायचा. "हे आमच्या आज्यानं कवाच केलंय. फकस्त कॉफी नव्हती."

गाडी तयार केली ती साहेबरावनं. साहेबराव त्याचा शिफ्टचा जुना जोडीदार, वेल्डिंगचा हात फार चांगला. दोघांनी मिळून सीटा उपटल्या, मागं लोखंडी पलंग बसवला, पलंगाखाली खण केले, ओट्यावर गॅसची शेगडी पक्की केली, टपावर पाण्याची टाकी आणि तिच्याशेजारी सोलरची पाटी चढवली. एका कोपऱ्यात संडासाची बारकी खोलीसुद्धा झाली, जिच्यात वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. सगळं झाल्यावर साहेबरावनं कपाळावरचा घाम पुसला आणि सहज विचारलं, "वहिनी काय म्हणतात?"

"तिचं काय इचारायचं? ती तर तळावरच जन्मली."

"तरी विचारलंस का?"

"साहेबराव, मासुळीला कुनी पवायला येतीस का म्हनून इचारतं व्हय?"

साहेबरावनं वेल्डिंगची केबल गुंडाळायला घेतली. दुसऱ्याच्या नवराबायकोत पडू नये इतकी अक्कल त्याला वेल्डिंगइतकीच चांगली होती.

निघायच्या दिवशी संक्रांत नुकतीच झालेली. मल्हारीनं बसला लिंबूमिरची बांधली, चाकापुढं नारळ फोडला, आणि सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी असताना हॉर्न वाजवला. बानाबाई दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती. मल्हारीनं दार उघडून धरलं आणि वर पाहून हाक मारली, "चल गं!"

बानाबाईनं बस नीट पाहून घेतली. मग वरूनच म्हणाली, "आधी जागा तर बघा."

खालचे दोघेतिघे हसले. वॉचमन जरा जास्तच हसला. मल्हारीचा चेहरा उतरला. जन्मभर "निघू की, निघू की" म्हणत आलेल्या बाईनं चार लोकांत नाय म्हटलं, आणि वर जागेचं निमित्त पुढं केलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं दार आपटून बंद केलं, गिअर टाकला आणि निघाला. आरशात त्याला बानाबाई दिसली. ती वळून घरात चालली होती. हात हलवायलासुद्धा थांबली नाही, असं त्यानं पक्कं मनात धरलं. मनात धरायला मल्हारीइतका पटाईत माणूस साऱ्या वाळूजमध्ये नव्हता.

दौलताबादच्या अलीकडच्या वळणावर पलंगाखालचे डबे सुटले. डाळ, साखर आणि तिखट एकमेकांत मिसळून सगळ्या गाडीभर झालं. घर चालतं असेल तर घरातली प्रत्येक वस्तू बांधलेली असली पाहिजे, हे घोड्यावर बिऱ्हाड लादणाऱ्या बायांना कळतं. मल्हारी त्या वेळी पुढं मेंढ्यांबरोबर चालत असे. त्यानं रस्त्याकडेला बस लावून झाडू मारला आणि बानाबाईला दोन शिव्या घातल्या. त्यानं मन थोडं हलकं झालं.

मग जागा शोधणं आलं. तळ्याकाठी गाडी लावली तर राखणदार आला. ढाब्यामागं लावली तर मालक म्हणाला, जेवताय तोवर ठीक आहे. एका वावराच्या बांधाला लावली तर शेतकरी कुऱ्हाड घेऊनच आला. मारायला नाही, लाकडं तोडायला, पण बोलला कुऱ्हाडीसारखंच. "कोन तुमी? इथं काय काम?" मल्हारीनं सांगितलं, राहायला आलोय. "का?" शेतकऱ्यानं विचारलं. मल्हारीनं गाडी पुन्हा सुरू केली.

त्याच्या लहानपणी शेतकरी तळावर यायचे, हातापाया पडायचे, की आमच्या वावरात मेंढ्या बसवा, जमिनीला खत होईल. ज्वारी द्यायचे, चहाला साखर द्यायचे. माणसं तीच, वावरं तीच. पण मेंढीच्या लेंड्यांना जी किंमत होती ती मल्हारीच्या रिटायरमेंटला नव्हती.

शेवटी तो खुलताबादच्या वर, डोंगराच्या अंगाला एका उघड्या माळावर जाऊन थांबला. तिथून गावची तटबंदी, दर्ग्यांचे पांढरे घुमट आणि लांबवर पसरलेली शेतं दिसायची. वाराही भरपूर. कुणी हाकललं नाही, कारण तिथं हाकलायलाही कुणी येत नव्हतं. एक बाभूळ होती, तिची सावली चाळणीतून पडल्यासारखी. बाकी दगड.

पहिल्याच रात्री उतारामुळं तो पलंगावरून घसरून दाराशी आला. सकाळी चाकाखाली दगड लावून गाडी सपाट केली. दुसऱ्या दिवशी दिवा रात्रभर चालू ठेवला, तर पहाटे बॅटरी बसली आणि गाडी ढकलायला आजूबाजूला माणूस नव्हता; शेवटी उतारावर सोडूनच ती चालू केली. टपावरच्या टाकीतलं पाणी दुपारी चहाइतकं गरम व्हायचं, पण त्यात चहाची गंमत नव्हती. आणि पाणी संपलं की खरी कसरत. खाली गावात पाणी आणायला जायचं तर गाडी न्यावी लागे. म्हणजे पलंगावरचं बांधा, ओट्यावरचं बांधा, दगड काढा, उतरा. चार कॅन पाण्यासाठी सगळं घर गावात जायचं आणि परत यायचं.

गावात कॅन भरताना तो गफूरभाईच्या टपरीवर चहा घ्यायचा. गफूरभाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "चाचा, अकेलेच क्या? घरवाले नहीं साथ में?"

"येत्यात," मल्हारी म्हणाला.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा गेला तेव्हा गफूरभाईनं ओट्यावर दोन माणसांपुरती जागा पुसून दिली. ते बघवेना म्हणून मल्हारी चहा उभ्यानं प्यायला लागला.

भाकरी त्याला येत नव्हती. पीठ मळायचा तर हाताला चिकटायचं, थापायचा तर फाटायची. मग तो पाव आणि शेंगदाण्याच्या चटणीवर भागवायचा. दिवसभर बोलायला कुणी नसलं की संध्याकाळपर्यंत घसा बसतो, हे त्याला नव्यानं कळलं. कंपनीत मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून बोलायची सवय होती, इथं तो एकदा मोठ्यानं "हां!" म्हणून बघायचा आणि स्वतःच्या आवाजाला दचकायचा. व्हिडिओतली ती जोडपी दार उघडून हसत बसायची, ती का हसत होती हे त्याला आता समजलं. ती दोघं दोघं होती.

रोज दिवेलागणीला बानाबाईचा फोन यायचा. हे बोलणं दर दिवशी सारखंच असायचं.

"जेवला का?"

"जेवलो."

"पानी हाय का तिथं?"

"हाय की. लई पानी."

"सावली?"

"लिंब हाय. एवढा मोठा."

"आन् शेजार कसा हाय?"

"जत्रा भरल्यावानी मानसं हायत. बोलायला उसंत नाय."

"बरं," बानाबाई म्हणायची, आणि थोडं थांबून फोन ठेवायची.

मल्हारी मग चिडून दगडावर जाऊन बसायचा. ही बाई एकदाही म्हणत नाही, कसे आहात. एकदाही म्हणत नाही, येऊ का. नुसती चौकशी, जणू मुन्शिपाल्टीचा माणूस. त्याला वाटायचं ती टोमणे मारते आहे. पाणी नसलं, सावली नसली, की "बघा, मी म्हनलं हुतं" म्हणायला मोकळी. म्हणून तो आणखी जोरात खोटं बोलायचा. एकदा तर त्यानं लिंबावर पोपट असल्याचंही सांगितलं. आणि फोन बंद झाल्यावर माळावर जी शांतता पसरायची ती त्याला सहन व्हायची नाही. परत जावं असं त्याला रोज वाटे. पण परत जायचं म्हणजे गॅलऱ्यांत उभ्या बिल्डिंगीसमोर बस लावायची, वॉचमनचं हसणं ऐकायचं, आणि जिनं नाय म्हटलं तिच्याच हातचं जेवायला बसायचं. त्यापेक्षा पाव बरा होता.

रामेश्वरचाही एकदा फोन आला. "बाबा, आई काही नीट बोलत नाही. तुम्ही या बरं परत."

"तिला सांग, तिनं यावं."

"ती नाही म्हणते का?"

"तिलाच इचार," मल्हारी म्हणाला. रामेश्वरनं विचारलं की नाही, देव जाणे. त्या घराण्यात विचारण्याची पद्धतच कमी.

शिमगा जवळ आला आणि ऊन तापायला लागलं. एके दिवशी मल्हारी बस घेऊन पाण्याला उतरत होता, तर डोंगराच्या पायथ्याला त्याला घोडी दिसली. चांगली तीनचार घोडी, पाठीवर गोधड्या, वर जाळीत कोंबड्या. पलीकडं मेंढरं उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. त्यानं बस थांबवली आणि तो जवळजवळ पळतच गेला. मेंढरांचा वास नाकात गेला तसं त्याला गहिवरून आलं.

एक तरणी बाई भर उन्हात मोठ्या गाठोड्याला टेकून बसली होती. मांडीवर तान्हं, पदरानं त्याच्यावर सावली धरलेली. पलीकडं एक म्हातारी तशीच दुसऱ्या गाठोड्यापाशी.

"का गं बाय, उन्हात बसलीस? सोड की गाठ. पाल टाक, पोराला सावलीत घे."

त्या बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कारभारी जागा बघाया गेल्यात."

"मंग?"

"मंग काय? ते येऊन नेत नायत तवर गाठ सोडत नसत्यात. बांधलेलं बिऱ्हाड दुसऱ्या तळावरच सोडायचं. तुमी कोनाचे? एवढं बी ठावं नाय?"

"फोन लाव की त्याला."

"लावते की दर तळाला. इचारायचं, पानी हाय का, सावली हाय का, शेजार कसा हाय." तान्हं कुरकुरलं, तिनं त्याला थोपटलं. "पन फोनवर ऐकून कोन उठून जातं? न्यायला मानसानं यावं लागतं."

मल्हारी तिथंच उभा राहिला. म्हातारी काहीतरी बोलत होती, ते त्याच्या कानात शिरलं नाही. त्याला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. तो चुलत्याबरोबर पुढं जागा बघायला गेला होता आणि परतायला त्यांना उशीर झाला होता. आला तेव्हा नवी नवरी बाना अशीच गाठोड्याला टेकून बसलेली. ओठ सुकलेले. "पानी का नाय प्यालीस?" त्यानं विचारलं होतं. "तांब्या गाठोड्यात हाय," ती म्हणाली होती, आणि त्याला इतकं हसू आलं होतं, आणि इतकी माया दाटून आली होती, की पुढचा सगळा रस्ता तो मेंढरांऐवजी तिच्याच शेजारनं चालला होता.

आधी जागा तर बघा. ती नाय म्हणाली नव्हती. ती त्याला म्हणाली होती, तुमचं काम तुम्ही करा, मी माझं करते. आरशात ती वळून घरात गेलेली दिसली ती कशाला गेली होती, हे आता त्याला स्वच्छ दिसलं. गाठ बांधायला.

मल्हारीला आनंद झाला. अगदी पोरासारखा आनंद झाला. तो बसकडं धावला, स्टार्टर मारला, आत्ताच्या आत्ता वाळूज गाठायचं म्हणून वळवलीसुद्धा. आणि मग त्याचा हात स्टिअरिंगवरच थांबला. तिला नेणार कुठं? त्या माळावर? लई पानी, एवढा मोठा लिंब, जत्रा भरल्यावानी शेजार, वर पोपट. बाई गाठोडं बांधून बसलेली, आणि आपण तिला रोज संध्याकाळी एक नसलेली जागा दाखवत होतो. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कुणी नसतानाही त्यानं टोपी पुढं ओढून घेतली.

त्या दिवशी फोन आला. "पानी हाय का तिथं?"

मल्हारीच्या तोंडून "हाय" निघेना.  

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"सांगा," बानाबाई म्हणाली. "बघा नीट. घाई नाय."

दुसऱ्या दिवसापासून मल्हारीनं जागा बघायला सुरुवात केली. त्याचा चुलता म्हणायचा, जागा पायानं बघावी. म्हणून तो बस एखाद्या गावच्या बाजारतळावर लावायचा आणि पायी निघायचा. विहीर दिसली की पाणी मागून प्यायचा. मचूळ लागलं की पुढं. झाड दिसलं की त्याच्याखाली दुपारभर बसायचा, सावली फिरून कुठं जाते ते बघायला. लोक त्याला वेडा समजले. एकानं त्याला जमिनीचा दलाल समजून चहा दिला, आणि नाही म्हटल्यावर कपही हातातून काढून घेतला. पाय सुजले. कन्नडकडच्या रस्त्याला त्यानं कितीतरी वावरं पालथी घातली आणि सगळीकडं तोच प्रश्न आला, का? संध्याकाळी फोनवर तो आता खरं सांगायचा. "आज नाय गावली." ती म्हणायची, "गावंल."

पिशोरच्या पुढं एका आडरस्त्याला त्याला लिंब दिसला. खाली विहीर, आणि विहिरीच्या काठावर एक म्हातारी बादली ओढत होती. लीलाबाई तिचं नाव. मुलं पुण्याला, जमीन वाट्यानं दिलेली, ती एकटीच वावरातल्या दोन खोल्यांत. मल्हारीनं तिच्या हातातून दोर घेतला, पाणी काढून दिलं आणि ओंजळीनं प्यायला. गोड होतं. मग परवानगी विचारून तो लिंबाखाली बसला, ऊन कलेपर्यंत बसला. सावली हटली नाही.

लीलाबाई दारात उभी राहून त्याला बघत होती. शेवटी तिच्यानं राहवेना. "काय बघतोस रं?"

"जागा बघतोय, आजी. तळाला."

"मेंढ्या कुठंयत?"

"मेंढ्या नायत."

"मेंढ्या नायत तर मला काय उपेग तुझा?"

मल्हारीला वाटलं, झालं, इथंही तेच. तो उठला, धोतराची धूळ झटकली. "मेंढ्या नायत. दोन मानसं हायत," तो म्हणाला. "आमी बोलत बसू तुमच्याशी सांच्याला."

लीलाबाईनं यावर बराच विचार केला. तिनं रस्त्याकडं पाहिलं, ज्यावरून दिवसभरात कुणी आलं नव्हतं. "माझी पोरं फोनवर दोन शबूद बोलतात आन् ठिवतात," ती म्हणाली. "पन बाई हाय ना संगं? एकट्या गड्याला मी ठिवनार नाय."

"हाय," मल्हारी म्हणाला. "न्यायलाच चाललोय."

वाळूजला पोचला तेव्हा सकाळच्या शिफ्टच्या बसेस रिकाम्या परतत होत्या. बिल्डिंगीखाली वॉचमन उभाच होता. "आलात का काका परत?" असं म्हणून तो हसलाही. मल्हारीला ते ऐकू आलं नाही. तो दोन मजले न थांबता चढला आणि दार वाजवलं.

द्वारकानं दार उघडलं. तिच्या मागं, दाराजवळच भिंतीला, काळ्या घोंगडीत आवळलेलं गाठोडं होतं, वर लोकरीची दोरी. शेजारी जमिनीवर एक सतरंजी आणि उशी.

"बाबा, बरं झालं आलात," द्वारका हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही गेलात त्या दिवसापासून आई इथंच झोपतात, जमिनीवर. अंथरूण, साड्या, ताट, तांब्या, सगळं बांधून ठेवलंय. माझ्याच दोन साड्या आलटून पालटून नेसतात, माझ्याच ताटात जेवतात. किती वेळा म्हटलं, सोडा ते. हातच लावू देत नाहीत. मला वाटलं, आमच्यावरच रुसल्यात."

मल्हारी त्या सतरंजीकडं बघत राहिला. माळावर तो रोज रात्री ज्या एकटेपणाला कंटाळला होता, तोच इथं या सतरंजीवर, भरल्या घरात, त्याच्या बायकोच्या वाट्याला आला होता. ती स्वतःच्या मुलाच्या घरी पाहुण्यासारखी राहिली होती, आणि तेही त्याच्या शब्दावर.

बानाबाई आतून आली. अंगावर सुनेची फुलाफुलांची साडी. ती थोडी वाळली होती. त्याच्याकडं पाहिलं, पायांच्या सुजेकडं पाहिलं. गाठोड्याशेजारी खाली बसली. तोही समोर बसला.

"पानी हाय का तिथं?"

"हाय. हिरीचं. गोड हाय, पिऊन बघितलं."

"सावली?"

"लिंबाची. दुपारभर बसून बघितली, हटत नाय."

"शेजार?"

"एक म्हातारी हाय. लई बोलती. तुझी वाट बघती."

बानाबाईनं मान हलवली. मग दोरीची गाठ चाचपत म्हणाली, "आन् त्या पयल्या जागंला? तिथं बी लिंब हुता म्हनं. पोपट हुते."

मल्हारीनं खाली पाहिलं. "तिथं कायबी नव्हतं. रोज खोटं बोललो तुला."

"ठावं हाय."

त्यानं चमकून वर पाहिलं. "कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे?" बानाबाई म्हणाली. "पानी असतं तर तुमी मला न्यायला आला असता."

मल्हारीचे डोळे भरले. त्यानं ते पुसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात द्वारका हातातला चहाचा कप तसाच धरून उभी होती.

बानाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला आणि गाठोड्याकडं बोट दाखवलं.

"चला, उचला आता. मला माझ्या तांब्यानं पानी प्यायचंय."